विहिरीकाठचा एक गुंठा

आपल्या संघाच्या या मासिकात ऊस, द्राक्षे, डाळिंब, कांदा इत्यादी मोठ्या पिकांविषयी जाणत्या लोकांचे लेख दरमहा येत असतात, व ते येणे योग्यच आहे. कारण ज्या पिकावर कर्ज निघते व ज्या पिकावर ते फिटते, तेच पीक शेतकऱ्याच्या डोक्यात रात्रंदिवस घोळत असावयाचे. तथापि आज मी ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तो विषय एकरांचा नसून गुंठ्याचा आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा तुकडा. असे ४० तुकडे मिळून एक एकर होतो. एवढ्याशा तुकड्यास खातेदार सहसा हिशेबात धरीत नाही. परंतु आपल्या ताटात रोज काय पडावे हे ठरविणारा तुकडा तोच होय, असे माझे मत झाले आहे. आणि त्या तुकड्यात केवळ मालकाच्या घराचाच नव्हे, तर मालकाच्या शेतात राबणाऱ्या घराचाही हात व वाटा असावा, असे माझे त्यापुढचे मत आहे. हे दुसरे मत पुष्कळांस रुचणार नाही, हे जाणूनच लिहीत आहे.

प्रथम स्वतःविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. मी शेतीतज्ज्ञ नव्हे. मराठी शाळेत शिकलो, महसूल खात्यात तीस वर्षे कारकुनी केली, आणि मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन चार वर्षांपूर्वी गावी येऊन राहिलो. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला आमचा मुलूख; जेथे कालव्याचे पाणी पोचले तेथे ऊस, आणि जेथे पोचले नाही तेथे वीस इंचांच्या आसपासच्या बेभरवशाच्या पावसावर बाजरी व ज्वारी. वडिलार्जित जमिनीपैकी बहुतेक धाकटा बंधू पाहतो. विहिरीलगतचा थोडासा भाग मी स्वतः हाताखाली घेतला आहे. नोकरीत असता भाजी विकत घेण्याचा प्रसंग मजवर फारसा आला नाही. कामासाठी येणाऱ्या मंडळींच्या पिशवीतून ती परस्पर घरी पोचत असे. ही गोष्ट सांगण्यास भूषणाची नाही. परंतु भाजीची खरी किंमत मला इतक्या उशिरा का कळली, हे सांगितल्यावाचून पुढचे म्हणणे प्रामाणिक ठरणार नाही.

गावी आल्यावर पहिली नवलाची गोष्ट दिसली ती अशी, की दहा एकर उसाचा धनी आठवड्याच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करीत उभा असतो. पूर्वी असे नव्हते. बाजरीच्या पेऱ्यात मटकी, हुलगा, तूर यांचे मोघण पडत असे. बांधावर घेवड्याचा वेल, पाटाच्या कडेस अळू, आणि विहिरीच्या थारोळ्याशी मिरचीची चार झाडे असत. पुढे रान सलग एका पिकाचे झाले, बांध नांगरात गेले, पाटाची जागा नळाने घेतली, आणि ज्यास आपण फुकटची भाजी म्हणत होतो ती कोणाच्याही लक्षात न येता नाहीशी झाली.

मालकाचे यात फारसे बिघडले नाही. तो बाजारातून आणू शकतो. परंतु मजुरी करणाऱ्या घरास हा घाव दुहेरी बसला. खुरपणीस गेलेली बाई सायंकाळी परत येताना ओटीत तांदुळजा, घोळ, चिवळ, कुर्डू अशी रानची भाजी घेऊन येई. तीस कोणी अडवीत नसे, कारण मालकाच्या लेखी ते तणच होते. तणनाशक आले तेव्हा तण गेले, तणाबरोबर खुरपणीचे दिवस गेले, आणि त्या दोहोंबरोबर त्या घरची भाजीही गेली. तणनाशक वापरू नका, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मजुरीच्या अडचणी मीही जाणतो. परंतु जे गेले त्याची भरपाई कशाने करावयाची, हा प्रश्न आपणांपैकी कोणी आपल्या मनास विचारला आहे काय?

आता बागेकडे वळतो. पहिल्या वर्षी मी विहिरीकाठचा एक गुंठा आखून घेतला. वैशाखात माती खोल खणून उन्हात तापू दिली, चांगले कुजलेले शेणखत पसरले, आणि जूनच्या ७-८ तारखेस मृग निघून पहिला पाऊस होताच बियांच्या सर्व पुड्या एकाच दिवशी रित्या केल्या. वांगी व मिरची यांचे रोप मी सपाट वाफ्यात टाकले होते. आर्द्रात तीन दिवस पावसाची झड लागली, वाफ्यात पाणी साचले, आणि नुकतेच वर आलेले रोप मातीलगत कुजून आडवे पडले. बंधूकडे खुरपणीस येणारी एक प्रौढ बाई ते पाहून म्हणाली, "अण्णा, पावसाळ्यात रोप गादीवर टाकत्यात. सपाट वाफा हिवाळ्याचा." तीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या अर्जातील चुका काढल्या, त्याची चूक इतक्या थोडक्या शब्दांत कोणी काढली नव्हती.

तिच्या सांगण्याप्रमाणे मग तीन फूट रुंद व वीतभर उंच असे गादीवाफे केले, दोन्ही अंगांस पाणी निघून जाण्यास चर ठेवले, बी ओळीत व विरळ टाकले आणि वर बारीक खतमातीचा पातळ थर दिला. पाच-सहा आठवड्यांनी ते रोप सरीवर लावण्याजोगे झाले. भेंडी, गवार व चवळी यांचे बी जागच्या जागी टोकले. दोडका, कारले व दुधी यांसाठी आळी करून प्रत्येकात दोन-तीन बिया लावल्या आणि वर मेढी पुरून मांडव घातला. वेलांवर प्रथम नुसतीच फुले येऊन गळू लागली तेव्हा मी घाबरलो. परंतु वेलवर्गात आधी नरफुले येतात आणि ज्याच्या मागे चिमुकले फळ असते ते मादीफूल मागाहून येते, हेही तिनेच हातात फूल धरून दाखविले. मांडवावर मधमाशा फिरत असता कोणतीही फवारणी करू नये, ही गोष्ट मात्र मी वाचलेली होती. तेवढाच माझा शहाणपणा कामास आला.

श्रावण हा बागेत हाताचा महिना होय. पैसा, पाणी, यंत्र यांपैकी काहीही त्या महिन्यात हाताची जागा घेऊ शकत नाही. दोन दिवस बागेत पाऊल पडले नाही तर गवत वाफ्यावर चढते. वांग्याचा एखादा शेंडा माना टाकून लोंबू लागतो, म्हणजे आत अळी शिरली असे समजावे आणि तो शेंडा खुडून जाळून टाकावा. हे वेळीच केले तर पुढे फळ किडण्याचे पुष्कळ वाचते. निंबोळीचा पाच टक्के अर्क, म्हणजे अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण दहा लिटर केलेले पाणी, एवढे एका गुंठ्यास पुरते. परंतु शेंडा लोंबला आहे हे पाहण्यास डोळा पाहिजे, आणि तो डोळा रोज सकाळी बागेत पाहिजे. आपणा खातेदारांची अडचण नेमकी येथे आहे. आपणांपाशी जमीन आहे, विहीर आहे, खत आहे; पण रोजचा हात नाही आणि बहुतेकांपाशी तो डोळाही उरलेला नाही.

उत्तरा नक्षत्र लागले, म्हणजे सप्टेंबरचा मध्य उलटला, की बाग कूस बदलते. वेल थकतात, त्यांची जागा मोकळी करून हिवाळ्याचे सपाट वाफे बांधावयाचे असतात. हस्ताचा पाऊस झाला तर जमिनीत ओल भरपूर राहते. त्या ओलीवर मेथी, पालक, मुळा, गाजर. धने हलके रगडून दोन डाळी वेगळ्या करून टाकलेली कोथिंबीर. थंडी धरू लागली की लसणाच्या पाकळ्या, वाटाणा, आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत लावण्यासाठी कांद्याचे रोप. माझी दुसरी चूक या मोसमातली. मेथीचे सर्व वाफे मी एकदम टाकले. महिनाभराने सर्व मेथी एकदम काढणीस आली. आठ दिवस आम्ही मेथी खाल्ली, शेजाऱ्यांना वाटली, उरलेली फुलावर गेली, आणि त्यानंतर महिनाभर पुन्हा बाजार केला. पालेभाजीचा वाफा अर्धा-अर्धा करून दर दहा-बारा दिवसांनी पेरावा, हे साधे गणित मला त्या वर्षी कळले. बाग ही कोठाराप्रमाणे एकदा भरावयाची नसते. ती बारा महिने थोडी थोडी चालती ठेवावयाची असते.

दुसऱ्या वर्षीच्या हस्तात, मी वाफे बांधीत असता, तीच बाई कडेला उभी राहून म्हणाली, "अण्णा, ह्या कडंचे चार वाफे मला लावू द्या. खत माझ्या शेरडांचं आणते. पाणी तर तुमचं सुटतंयच." तिच्या घरी जमीन नाही, घरकुलापुढे चार हात अंगण आहे आणि नळास दिवसाआड पाणी येते. मी होय म्हटले. खरे सांगावयाचे तर त्यात माझा परोपकार नव्हता. ती रोज बागेत आली तर माझ्याही वाफ्यांवर तिची नजर राहील, हा माझा हिशेब होता, आणि तो हिशेब बरोबर निघाला.

दुसऱ्याच दिवशी आमच्या भावकीतले एक वयस्क गृहस्थ मुद्दाम चालत आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा जन्म कुळांच्या कागदांत गेला, आणि आज तुम्ही आपल्या हाताने कूळ लावून घेता?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९४८ साली मुंबई इलाख्यात कुळवहिवाटीचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारी कुळे जमिनीचे मालक मानली गेली. ज्या जमीनधारकांनी तो काळ पाहिला त्यांच्या घरांत ती आठवण अजून ताजी आहे. कायद्याचे कलम ४ असे आहे की, दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा मनुष्य, तो मालकाच्या कुटुंबातला नसल्यास, मालकाच्या जातीने देखरेखीखाली काम करणारा मजूर नसल्यास, अथवा कब्जेगहाणदार नसल्यास, कूळ मानला जातो. रोख किंवा मालाच्या रूपाने मजुरी घेणारा नोकर यातून वगळला आहे. परंतु पिकाचा वाटा घेणारा वगळलेला नाही. म्हणजे त्या गृहस्थांची भीती अगदीच निराधार नव्हे. कोणी अनोळखी इसमास पाच एकर वाट्याने लावून देऊन मागाहून मजकडे सल्ला मागण्यास आला, तर मी त्यास धीर देऊ शकणार नाही.

परंतु भीतीलाही माप असते. कारकुनीच्या तीस वर्षांत मी तंटे पुष्कळ पाहिले. हातभर बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांवर काठ्या घेऊन गेलेले पाहिले. वहिवाटीचा रस्ता नांगरला म्हणून पिढीजात स्नेह तुटलेले पाहिले. वाटणीच्या दाव्यात वादी आणि प्रतिवादी दोघेही निकालापूर्वी वारलेले पाहिले. भाजीच्या वाफ्यावरून कोणी मजुराने मालकी सांगितल्याचा कागद माझ्या टेबलावर एकदाही आला नाही. भावाभावांच्या तंट्यांची भीती धरून कोणी भावास घरात घेण्याचे थांबविले नाही. मग जो तंटा मी कधी पाहिला नाही, त्याची भीती धरून आपण शेतात राबणाऱ्या बाईस चार वाफे नाकारावे, हे कोणत्या न्यायाने?

मी काय व्यवस्था ठेवली आहे ते सांगतो. बाग माझ्या वहिवाटीची आहे. खणणे, वाफे बांधणे, पाणी देणे ही कामे मी करतो किंवा मजुरी देऊन करवितो. त्या बाईकडून खंड घेत नाही, पिकाचा वाटा घेत नाही. माझ्या वाफ्यांत तिने काम केले तर त्या दिवसाची मजुरी रोख देतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत खातेदाराने स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करावयाची असते. त्याप्रमाणे हा गुंठा मी माझ्या नावे भाजीपाला म्हणून नोंदवितो. आणखी एक गोष्ट अशी की, वांग्यामागे वांगे किंवा मिरचीमागे मिरची त्याच वाफ्यात घेऊ नये, रोग वाढतात. पालेभाजी, शेंगभाजी, फळभाजी यांची फेरपालट करावी लागते. त्यामुळे तिचे वाफे दरसाल बदलतात व माझेही बदलतात. कोणताही वाफा कायमचा कोणाचाच होत नाही. एवढ्याने कज्ज्यापासून पूर्ण अभय मिळते असे मी म्हणत नाही. ज्यांस शंका असेल त्यांनी जाणत्या वकिलास विचारून घ्यावे. मात्र शंका हे विचारण्याचे कारण असावे, न देण्याची सबब नसावी.

भूमिहीनास भाजीपुरता तुकडा द्यावा, ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने अशा बागांसाठी जमीन उपलब्ध करून देण्याचे काम स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आले. १९२२ च्या कायद्याने अशा बागेची व्याख्या केली, की ती पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून, मोठी नसावी आणि तीत मुख्यतः कसणाऱ्याने स्वतःच्या व आपल्या कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी किंवा फळे लावावी. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारे अन्न अडले तेव्हा तेथील सरकारने लोकांस जेथे जागा असेल तेथे भाजी लावण्याचे आवाहन केले, आणि शहरांतील मोकळी मैदानेदेखील खणली गेली. गिरण्यांत व कारखान्यांत काम करणाऱ्या त्या लोकांस जमीन नव्हती. पण अर्धा दिवस हात मोकळा होता. आपल्याकडे स्थिती निराळी आहे. येथे जमीन स्थानिक संस्थेकडे थोडी, खातेदारांकडे जास्त. म्हणून हे काम येथे कायद्याच्या हुकुमाने होण्यापेक्षा खातेदारांच्या मर्जीने व्हावे, हे दोन्ही पक्षांस अधिक सोयीचे.

आता हिवाळ्याची गोष्ट. मार्गशीर्ष-पौषात बाग सर्वात देखणी असते आणि सर्वात फसवी. दोन दिवस आभाळ झाकोळले की पावटा, वाल व मोहरीवर्गातील भाज्यांवर मावा बसतो. वाटाण्याच्या पानांवर भुरी पीठ शिंपडल्याप्रमाणे दिसू लागते. मावा पहिल्या दोन दिवसांत दिसला तर भरलेला शेंडा खुडून व निंबोळीचे पाणी मारून आटोक्यात येतो. आठव्या दिवशी दिसला तर शेंगेची आशा सोडावी. गेल्या पौषात निवृत्तिवेतनाच्या एका कामासाठी मला आठ दिवस बाहेर राहावे लागले. ती बाईही तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी घरातच गुंतली होती. तिने सुनेस सांगून आपले वाफे पाहविले, पण माझ्या वाफ्यांना हात लावण्यास सून संकोचली. मी परत आलो तेव्हा माझा पावटा काळा पडला होता.

चार दिवसांनी भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पावटा, घेवडा, वांगे, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे व तीळ घालून केलेली मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपल्याकडे घरोघर होते. हा सण मुळी त्या मोसमात रानात जे पिकते त्याचाच आहे. आणि आता तीच भाजी पुष्कळ घरी बाजारातून येते. आमच्याही घरी पिशवी घेऊन मी निघणार, इतक्यात ती बाई सुपात पावटा, चार गाजरे, वांगी व कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात आली. सौभाग्यवतीने पैसे विचारले तेव्हा ती म्हणाली, "असूं द्या वैनी. अण्णांचा पावटा गेला, आमचा हाय." नोकरीच्या तीस वर्षांत माझ्या दारात भाजी पुष्कळ आली, परंतु जिच्यामागे कोणाचे काही काम अडलेले नव्हते, अशी भाजी माझ्या दारात त्या दिवशी प्रथम आली.

उन्हाळ्याची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांच्या बागा याच मोसमात मोडतात. माघाच्या अखेरीस थंडी ओसरली की गवार, भेंडी व काकडी लावून घ्यावी. कांद्याच्या निम्म्याहून अधिक माना पडल्या म्हणजे पाणी तोडून काढणी करावी. पात तशीच ठेवून कांदा रानात सुकवावा, मग मान ठेवून पात कापावी आणि सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. चैत्रात विहीर खाली जाते. अशा वेळी बाग सबंध जगविण्याचा हट्ट धरू नये. निम्मे वाफे मोकळे सोडून उन्हात तापू द्यावे, आणि उरलेल्यांवर उसाचे पाचट अंथरून ओल धरून ठेवावी. मोरीचे पाणी अळवास व केळीस वळवावे. भेंडी, गवार, दोडका, वांगे यांची पहिली निरोगी चार-दोन फळे खाण्याचा मोह सोडून झाडावरच पिकू द्यावी, बी काढून सुकवून राखेत घालून ठेवावे. मात्र संकरित वाणाचे बी धरू नये. पुढच्या पिढीत मूळचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. गतवर्षी मी बी धरण्याचे विसरलो होतो. यंदाच्या मृगात माझ्या गुंठ्यात जी भेंडी लागली ती तिच्या गाडग्यातल्या बियांची आहे.

यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की मी दयेची भाषा बोलत नाही. दया ही एका हंगामाची असते. पीक बुडाले की ती आटते. मी व्यवहाराची गोष्ट सांगत आहे. आपणांपाशी जे आहे ते त्यांच्यापाशी नाही, आणि त्यांच्यापाशी जे आहे ते आपण गमावून बसलो आहो. बाग ही अशी वस्तू आहे की तिला दोन्ही लागतात, व तीही बारा महिने लागतात. ज्या खातेदाराने विहिरीकाठचा गुंठा गड्यावर सोपवून स्वतः लक्ष काढून घेतले, त्याची बाग मी श्रावणात गवतात बुडालेली पाहिली आहे. आणि ज्या मजूर घरास पाणी नाही, त्याच्या अंगणातील वांग्याची झाडे चैत्रात वाळलेलीही पाहिली आहेत. दोन्ही ठिकाणी जे निम्मे होते ते फुकट गेले.

म्हणून संघाच्या सभासदांस माझी सूचना अशी आहे. ज्यांच्या विहिरीस वा विंधनविहिरीस चैत्रापर्यंत पाणी राहते, अशा प्रत्येकाने येत्या वैशाखात एक किंवा दोन गुंठे जागा भाजीसाठी आखावी. त्यातील निम्मे वाफे आपल्या शेतात वर्षानुवर्षे राबणाऱ्या एखाद्या भूमिहीन घरास लावू द्यावे. मोबदला मागू नये; रोख नको, वाटाही नको. काय लावावे हे त्यांस ठरवू द्यावे. विशेषतः त्या घरच्या बाईस ठरवू द्यावे, कारण चूल तिच्याकडे आहे. आपल्या घरातील मंडळीसही बागेच्या बाबतीत हाच अधिकार द्यावा. कारभाऱ्याने तेथे फक्त पाणी सोडावे आणि विचारल्यास बोलावे. वर्षाअखेर आपल्या घरी बाजारातून किती वेळा भाजी आणावी लागली, याची टिपणी एका साध्या वहीत ठेवावी. संघाच्या वार्षिक सभेत अशा दहा वह्या जरी समोर आल्या, तरी माझे म्हणणे खरे की खोटे याचा निकाल आपोआप लागेल, आणि तो माझ्या विरुद्ध लागला तर मी तो मान्य करीन.

आमच्या भावकीतल्या त्या गृहस्थांनी अद्याप कोणास वाफे दिलेले नाहीत. परंतु परवा ते बागेपाशी आले होते. कारल्याच्या मांडवाखाली उभे राहून बराच वेळ इकडेतिकडे पाहिले, आणि जाताना एवढेच विचारले, की गादीवाफ्याची उंची किती ठेवावी. मी म्हटले, "वीतभर. पण ते मला विचारू नका. ज्यांनी मला शिकविले त्या पलीकडे भेंडी तोडीत आहेत." ते क्षणभर थांबले, आणि तिकडे गेले.